‘रामशास्त्री’ : एका अक्षराची सोय

दरबारी कारस्थानांवरचा आमचा सर्वांत आवडता चित्रपट कोणता, तर प्रभातचा ‘रामशास्त्री’. साल १९४४. शिवराम वाशीकरांचं लेखन, गजानन जागीरदारांचा रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई. आवडता आहे म्हणूनच त्याच्याशी थोडं भांडायचं आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. जेमतेम अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे गारद्यांच्या तलवारीखाली पडले. राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिलं होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असं आपण शाळेपासून ऐकतो. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसालासुद्धा ‘ध चा मा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण ही कथा कुणाच्या सोयीची आहे, ते बघा. एक अक्षर बदललं की काका बिचारा ठरतो आणि सगळं पाप बाईच्या पदरात जातं. ललिताबाई तर इतक्या ताकदीनं उभ्या राहतात की प्रेक्षक राघोबाला विसरूनच जातो.

आता समजा, अक्षर बदललंच नाही. मग राघोबा निर्दोष का? पगार थकलेले, चिडलेले, हत्यारबंद गारदी आपण गादीवरच्या पुतण्यावर सोडायचे, आणि म्हणायचं, आम्ही फक्त धरायला सांगितलं होतं! शेजाऱ्याच्या धानाच्या पुंजण्याजवळ एखाद्याच्या हाती निखारा द्यायचा आणि सांगायचं, बाबा, नुसते हात शेक. पुंजणं जळाल्यावर आपला गाव कुणाला धरेल? तत्त्वज्ञानात हेतू आणि परिणाम यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण इथं तेवढ्याची गरज नाही.

आणि गंमत अशी की हे रामशास्त्र्यांना कळतं. त्यांचा निवाडा आनंदीबाईंवर नाही, खुद्द राघोबावर आहे: देहान्त प्रायश्चित्त. जागीरदार ते सांगतात तेव्हा सत्ताधीशासमोर नुसती एक ताठ मान आपल्याला दिसते. म्हणजे कथा जे झाकते ते न्यायाधीश उघडं करतो. या विसंगतीमुळेच आम्हाला हा चित्रपट मोठा वाटतो.

कारस्थान तसं दोघा नवरा-बायकोंचं नव्हतंच. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या घरातही तेव्हा मुधोजी आणि साबाजी हे भाऊ भांडत होते. मुधोजी राघोबाच्या बाजूचे. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. भंडाऱ्याचा हा मुलूख त्या घराण्याच्याच ताब्यात होता बरं का! पण तिथं कुणी अक्षर बदललं नाही, म्हणून त्यावर म्हणही झाली नाही.

शास्त्रीबुवा निवाडा सांगून पुणं सोडून गेले. पुढे ते परत आले, न्यायाधीशही झाले, पण बारभाईंच्या कारभारात. आणि तिथं नाना फडणवीस होते, म्हणजे डावपेचांचे उस्तादच. त्या दरबारात परत येताना शास्त्र्यांच्या मनात काय असेल? आम्हाला तो चित्रपट पाहायचा होता. तो अजून कुणी काढलेला नाही.