ऐकू येणारा खेळ

आपल्यापैकी ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांची व्हिडिओ गेमशी ओळख बहुधा तक्रारीतूनच झालेली असते. जेवण गार होते, गृहपाठ राहतो आणि बंद दाराआडून आरडाओरडा ऐकू येतो. अशा खेळांविषयी कोणी तासन्‌तास बोलावे आणि इतरांनी ते कामावर जाता-येता गाडीत ऐकावे, ही कल्पना पुष्कळांना रिकामटेकडेपणाची वाटेल. मी मात्र असे पॉडकास्ट बरीच वर्षे ऐकत आलो आहे. त्यांतले बरेचसे टाकाऊ असतात, हे आधीच सांगून टाकतो. पण काही थोडे इतके चांगले आहेत की साक्षेपी पुस्तक-परीक्षणाचा आनंद त्यांत मिळतो. हे थोडे कसे ओळखावेत, एवढ्यापुरताच हा लेख.

मूळ अडचण साधी आहे. गेम डोळ्यांनी पाहायचा आणि हातांनी खेळायचा असतो; पॉडकास्टच्या हाती मात्र फक्त आवाज. आपल्या पिढीला ही अडचण नवी नाही. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना शब्दांनी मैदान कसे उभे करतात हे सांगायला नको. चेंडू कुठे पडला एवढ्यावर समालोचन भागत नाही. फलंदाजापुढे त्या क्षणी कोणता पेच होता, तेही ऐकणाऱ्याला कळावे लागते. गेमच्या पॉडकास्टची पहिली परीक्षा हीच.

टेट्रिसचे उदाहरण घेऊ. अलेक्सी पाजितनोव्हने 1984 साली मॉस्कोत तयार केलेला हा खेळ बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला आहे. सुमार पॉडकास्ट म्हणेल, खेळ सोपा आहे, व्यसन लावणारा आहे, आम्हांला आवडला. हे ऐकून हाती काय लागले? चांगला पॉडकास्ट सांगेल की खेळणारा मुद्दाम कडेची एक उभी पट्टी रिकामी ठेवतो आणि लांब काठीची वाट पाहतो, कारण एकदम चार ओळी साफ झाल्या तर गुण जास्त मिळतात. काठी येत नाही, भिंत वर चढत जाते, आणि लोभ धरावा की भीती, हे दर सेकंदाला ठरवावे लागते. टेट्रिस कधीही न खेळलेल्या माणसालाही आता या खेळाचे मर्म कळले.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे. लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम 2013 साली आला. त्यात खेळणारा असतो एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा पासपोर्ट तपासनीस. जितकी माणसे तपासाल तितका पगार. चुका झाल्या तर दंड. संध्याकाळी त्याच पगारातून घरभाडे, अन्न, उब आणि औषध भागवायचे. एक नवरा आत येतो आणि विनवतो की मागून माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. तिची कागदपत्रे अपुरी असतात. व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या लोकांना खिडकीची ही बाजू ओळखीची. हा गेम आपल्याला पलीकडच्या खुर्चीत बसवतो.

अशा गेमवर बोलताना ‘विषय गंभीर आहे’ असे म्हणणे पुरेसे नाही. टेबलावर जागा इतकी कमी आहे की कागद एकमेकांवर चढतात. घड्याळ पळत असते. मग घाईघाईने शिक्के मारता मारता समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणे आपोआप सुटते. माणुसकी कशी आटते, हे गेम सांगत बसत नाही, आपल्या हातांकडून करवून घेतो. एवढे ज्या पॉडकास्टला सांगता आले, त्याने समीक्षेचे काम केले असे मी म्हणेन. इंजिनिअरच्या भाषेत बोलायचे तर चांगल्या डिझाइन रिव्ह्यूत आपण ‘हे चालते का’ यावर थांबत नाही, ‘असेच का केले’ हे विचारतो. तोच प्रश्न इथे हवा.

दुसरी परीक्षा सबुरीची. ‘सिव्हिलायझेशन’सारखा खेळ उमगायला शंभर तासही कमी पडतात, आणि परीक्षणे मात्र पहिल्याच आठवड्यात हवी असतात. 2009 साली ट्रॉय गुडफेलो यांनी सुरू केलेला ‘थ्री मूव्ह्ज अहेड’ मला आवडतो तो यासाठी. डावपेचांच्या खेळांना वाहिलेला हा पॉडकास्ट जुन्या खेळांकडे पुन:पुन्हा वळतो. ‘सिव्हिलायझेशन 4’चे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांच्या ‘डिझायनर नोट्स’मध्ये तर खेळ घडवणारेच आपल्या निर्णयांचा हिशेब सविस्तर मांडतात.

तिसरी परीक्षा पैशाची. 2007 च्या नोव्हेंबरात गेमस्पॉट या संकेतस्थळाने जेफ गर्स्टमन या समीक्षकाला काढून टाकले. ‘केन अँड लिंच’ या खेळाला त्याने कमी गुण दिले होते आणि त्याच खेळाच्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. जाहिरातदाराच्या दबावाखाली आपल्याला काढले गेले, हे त्याला उघडपणे बोलता आले ते 2012 साली. मधल्या काळात, 2008 साली, त्याने सहकाऱ्यांसह ‘जायंट बॉम्ब’ उभे केले. त्याचा पॉडकास्ट पुढे फार लोकप्रिय झाला. 2020 साली सुरू झालेल्या ‘ट्रिपल क्लिक’ला मोठा आधार श्रोत्यांच्या वर्गणीचा. मीठ कोणाचे खाल्ले आहे हे ठाऊक असले, की स्तुतीचे वजन करणे सोपे जाते.

आता गप्पांविषयी. दोन-दोन तास चालणाऱ्या हास्यविनोदाला माझा सरसकट विरोध नाही. परगावी एकट्याने राहणाऱ्याला ओळखीच्या आवाजांची सोबत लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण सोबत वेगळी आणि समीक्षा वेगळी. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट ॲशली यांचा ‘ए लाइफ वेल वेस्टेड’ आहे. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ हे मासिक जानेवारी 2009 मध्ये बंद पडले. पहिला भाग त्यावरच होता. मुलाखती कापून, जोडून, संगीतात गुंफून केलेले हे काम एखाद्या उत्तम रेडिओ-रूपकासारखे आहे. किंमत अशी की भाग मोजकेच निघाले. दर आठवड्याला नेमाने येणे आणि दर वेळी घासूनपुसून येणे, ही दोन्ही सहसा एका माणसाला जमत नाहीत. निवड करायची झालीच तर मी मोजक्या भागांच्या बाजूने कौल देईन.

आई-वडिलांना याचा उपयोग काय? मुलाला ‘किती वेळ खेळलास?’ असे आपण रोज विचारतो आणि उत्तरही रोज तेच मिळते. चांगला पॉडकास्ट ऐकला की दुसरा प्रश्न सुचतो: ‘आज कुठे अडलास, आणि मग काय ठरवलेस?’ या प्रश्नाला मुले लांबलचक उत्तरे देतात. लांबच्या प्रवासात मुलाच्या आवडत्या खेळावरचा एखादा भाग दोघांनी मिळून ऐकावा. मध्येच बंद करून तो ‘हे चूक सांगताहेत’ असे म्हणाला, तर त्याला पुढे बोलू द्यावे.