वाचलेला तास कुणाच्या वाट्याला?

तंजावर जिल्ह्यात, पापनाशम तालुक्यात मेलट्टूर नावाचं गाव आहे. दर वर्षी नृसिंह जयंतीच्या सुमारास तिथल्या वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भागवतमेळ्याची नाटकं होतात. रात्री सुरू झालेली प्रह्लादाची कथा संपेपर्यंत पहाट होते. ही तेलुगू नाटकं मेलट्टूरच्याच वेंकटराम शास्त्रींनी मराठे राजांच्या अमदानीत लिहिली. त्यांतल्या स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात आणि नरसिंहाचा मुखवटा पूजेतला असतो. पूर्वी हे सारं मशालींच्या उजेडात चाले. याच कुळातल्या कुचिपुडीत मशालीवर राळ फेकून एकदम भडका उडवत आणि महत्त्वाच्या पात्राचा प्रवेश त्या भडक्यात होई. मशालवाला हाच दिवा, हाच खांब आणि हाच दिवा चालवणारा. तो मंचापर्यंत चालत आला की मांडणी झाली. नट पुढे सरला की उजेडही पुढे सरे.

त्यानंतर रंगमंचावर आलेल्या बहुतेक प्रत्येक दिव्याने उजेड वाढवला आणि त्याबरोबर ओझंही वाढवलं. हे ओझं उचलायचं, न्यायचं, चढवायचं, जोडायचं आणि पहाटेपूर्वी पुन्हा उतरवायचं, ही फिरत्या रंगभूमीची एक स्वतंत्र विद्या आहे. तिची समीक्षा मात्र आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. नाटकाच्या परीक्षणात शेवटी ‘प्रकाशयोजना पूरक’ एवढे दोन शब्द पडतात. तो उजेड किती वेळात उभा केला आणि त्यासाठी कशावर पाणी सोडलं, याची चौकशी कुणी करत नाही.

तंजावरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटकं रचली, मराठी रंगभूमीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगाआधी सव्वाशेहून अधिक वर्षं. ती दरबारची नाटकं असल्याने त्यांना बाडबिस्तरा बांधायची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र सांगलीकडच्या नाटकमंडळ्या रंगवलेले पडदे घेऊन थेट तंजावरपर्यंत पोचल्या. त्यांचे खेळ पाहून तंजावरच्याच गोविंदस्वामी राव या मराठी गृहस्थांनी ‘मनमोहन नाटक कंपनी’ काढली. १८९१ मध्ये मद्रासला सुगुण विलास सभा स्थापन करणारे पम्मल संबंद मुदलियार यांच्या आठवणींत या कंपनीचा उल्लेख येतो. म्हणजे तमिळ व्यावसायिक रंगभूमीच्या उभारणीत मराठी मंडळ्यांच्या पेटाऱ्यांचाही वाटा आहे. सामान हलवता येणं हे त्या काळी नाट्यगुणाइतकंच मोलाचं होतं. ज्या मंडळीला पडदे आणि दिवे गुंडाळून वेळेत गाडी गाठता येत नसे, तिचा दौरा पुढच्या मुक्कामाआधीच मोडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मंडळ्यांकडे किटसनचे दिवे आले. रॉकेलची वाफ दाबाखाली जाळून जाळी तापवायची, की लख्ख पांढरा उजेड पडे. पुढे पेट्रोमॅक्स आली आणि कोकणातल्या दशावताराला तिने कित्येक वर्षं साथ दिली. दशावतारी नटाबद्दल रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं कोकणात म्हणतात. त्या बोज्यात दिव्याचं ओझं नगण्य होतं. वीज आली आणि हिशेब उलटा झाला.

तो हिशेब आकड्यांत मांडला पाहिजे. हॅलोजनचा पार-६४ जातीचा दिवा साधारण १००० वॅटचा. असे २४ दिवे लावले तर २४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर १०० अँपिअरहून जास्त प्रवाह. तो तीन फेजांवर तोलून वाटायचा. प्रत्येक दिव्यापासून उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरपर्यंत वेगळी, जाड तांब्याची वायर ओढायची, डिमरची जड पेटी विंगेत चढवायची आणि प्रत्येक दिव्यापुढे रंगीत जिलेटिनची चौकट बसवायची. दिवे टांगायला फार वेळ लागत नाही. वेळ खातात त्या वायरी. त्या सोडवायच्या, ओढायच्या, बांधायच्या, कोणती कुठे जाते ते शोधायचं आणि खेळ संपल्यावर मध्यरात्री पुन्हा गुंडाळायच्या.

एलईडी दिव्याने खरा फरक इथे पाडला. दीडशे वॅटचे २४ दिवे धरले तरी सगळे मिळून ३.६ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १६ अँपिअर. डिमरची पेटी गेली. रंग दिव्यातच तयार होतो, म्हणून जिलेटिनही गेलं. एका दिव्यातून दुसऱ्यात वीज आणि बारीक केबलीतून आज्ञा, अशी माळ लावली की झालं. ही आज्ञा देण्याची डीएमएक्स-५१२ पद्धत अमेरिकेत १९८६ मध्ये ठरली. एका केबलीवर ५१२ वाहिन्या मावतात आणि एका माळेत ३२ पर्यंत उपकरणं जोडता येतात. माळेच्या शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा एक छोटासा टर्मिनेटर लावायचा असतो. तो नसला तर दिवे कधीकधी आपोआप लुकलुकतात आणि दोष शोधण्यात वाचलेला अर्धा तास जातो. इतकी किरकोळ वस्तू प्रत्येक पेटीत का नसावी, याचं पटण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नाही.

जगभरच्या मोठ्या दौऱ्यांनी यापुढची पायरी केव्हाच गाठली. दिवे ज्या आडव्या नळीला टांगतात, त्या बारवरून ते काढायचेच नाहीत. बारवर कायमचे कसलेले, वायर आत ओवलेली, अशी सबंध चौकट चाकांच्या गाड्यात उभी राहते आणि ट्रकमधून उतरून तशीच वर चढते. जिथे अजून डिमर लागतात, तिथे १९ पिनांच्या एकाच जाड केबलीतून सहा सर्किटं जातात. पेट्यांची लांबीरुंदी ट्रकच्या अंतर्भागावरून ठरवलेली असते. सर्वांत महत्त्वाचा असतो भरण्याचा क्रम. मंच मोकळा असतानाच डोक्यावरचे दिवे चढवावे लागतात, म्हणून दिव्यांच्या पेट्या गाडीत शेवटी चढतात आणि पहिल्या उतरतात. आपल्याकडे टेम्पोत सोफा, दारं आणि खिडक्या वर, दिवे खाली, असं होतं, तेव्हा सेट उभा राहिल्यावर त्याच्यामधून शिडी फिरवत दिवे लावावे लागतात. इथे गरज आहे ती टेम्पोत काय कधी चढवायचं हे आधी ठरवण्याची. त्याला पैसे लागत नाहीत.

वेगाचा विचार मराठीत सर्वांत गंभीरपणे कुणी केला असेल, तर झाडीपट्टीने. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडईंत, म्हणजे जत्रांत, आणि शंकरपटांत, म्हणजे बैलांच्या शर्यतींत, रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या व्यवसायाचं केंद्र. आज एका गावात खेळ, उद्या दुसऱ्यात. मंच, पडदे, ध्वनी, दिवे सगळं कंपनीबरोबर फिरतं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी या रंगभूमीकडे थोडं वळून पाहिलं. त्यांच्या अभिनयाबद्दल लिहिलं गेलं हे योग्यच. मात्र रोज नव्या शेतात मंच आणि प्रकाश उभा करणाऱ्या माणसांच्या कौशल्याची नोंद कुणी करून ठेवली नाही. वायर कशी गुंडाळावी की ती पीळ न पडता सुटेल, जनरेटर किती लांब ठेवावा की त्याचा आवाज पदांत मिसळणार नाही, हे ज्ञान तोंडी आहे आणि ते सांगणारी पिढी म्हातारी होते आहे. नारायणगावहून सुटणाऱ्या तमाशाच्या फडांचीही गत तीच.

माझी तक्रार वेगाबद्दल नाही. वेग मिळाल्यावर आपण त्याचं काय केलं, याबद्दल आहे. एलईडीने दोन तास वाचवले, तर ते दोन तास प्रकाश नीट करायला मिळायला हवे होते. दिवा टांगला म्हणजे काम झालं नाही. तो नटाच्या चेहऱ्यावर कोणत्या कोनातून पडतो, कुठे कापला जातो, नाकाची सावली ओठावर येते का, हे पाहत एकेक दिवा वळवावा लागतो. त्याला फोकसिंग म्हणतात आणि साध्या, न फिरणाऱ्या दिव्यांसाठी ते कोणत्याही यंत्राने अजून झटपट केलेलं नाही. फिरत्या प्रयोगांत पहिली काटछाट याच कामावर होते. दिवे उशिरा पोचले तर फोकसिंग गेलं. लवकर पोचले तर नाट्यगृह उशिरा ताब्यात घेऊन भाडं वाचवतात, तेव्हाही फोकसिंग गेलं.

त्यात स्वस्त एलईडी आणखी एक नुकसान करतात. लाल, हिरवा, निळा एवढ्या तीन रंगांतून केलेला पांढरा माणसाच्या कातडीवर आजारी दिसतो, कारण पिवळ्या-नारिंगी छटांचा भाग त्यात तुटपुंजा असतो. पैठणीची जर, हळदीचा पिवळा, कुंकू, शेंदूर हे आपल्या मंचाचे प्राण आहेत आणि याच रंगांना या दिव्यांखाली सर्वांत जास्त झळ बसते. अंबर किंवा उबदार पांढऱ्याची चौथी वात असलेले दिवे थोडे महाग मिळतात. पौराणिक आणि संगीत नाटकांच्या दौऱ्यांनी तरी यात कंजुषी करू नये.

मेलट्टूरसारख्या उत्सवाला तर याहून सोपी वाट आहे. जागा तीच, देऊळ तेच, तिथीही ठरलेली. कोणता दिवा कुठे, किती उंचीवर, कोणत्या कोनात, याचा आराखडा एकदा काढून जपला, तर भाड्याचे दिवे कुठूनही आले तरी मांडणी निम्म्या वेळात होईल. नरसिंहाच्या प्रवेशासाठी उजेड कुठून फुटावा, हा विचार करायलाही मग रात्र हाताशी उरेल. देवळापुढच्या नाटकाला झगझगीत रंगांच्या फेऱ्यांची गरज नाही. एका दिशेने येणारा, मशालीच्या जातीचा उबदार उजेड पुरेसा आहे आणि तो चार-पाच चांगल्या दिव्यांत साधतो. कमी दिवे नेणं ही जलद मांडणीची सर्वांत जुनी युक्ती आहे आणि कलेलाही ती मानवते.

ठेकेदाराच्या बिलात दिव्यांची संख्या असते, गाडीभाडं असतं, जनरेटरचे तास असतात. फोकसिंगचा तास कुणी लिहीत नाही, म्हणून त्याचे पैसे कुणी देत नाही आणि म्हणून तो होत नाही. निर्मात्यांनी आणि उत्सव समित्यांनी तो करारात वेगळा लिहावा आणि त्या तासात मंचावर सेटची ठोकाठोक आणि माइकची चाचणी चालणार नाही, ही अटही तिथेच घालावी.