वास्तूसमोरचे रेखाटन

रविवारी सकाळी पुण्याच्या विश्रामबागवाड्यासमोर, वाईच्या घाटावर किंवा मुंबईत फोर्ट विभागातील कमानींखाली घडीची स्टुले मांडून, मांडीवर वही घेऊन रेखाटन करणारी मंडळी आता नित्य दिसू लागली आहेत. त्यांत कलाशाळांचे विद्यार्थी असतात, वास्तुशास्त्राचे असतात, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर प्रथमच हाती ब्रश धरलेले गृहस्थही असतात. सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या वृत्तपत्रीय चित्रकाराने २००७ साली सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या उपक्रमाचा, म्हणजे प्रत्यक्ष स्थळी बसून समोर दिसते तेच काढण्याच्या दंडकाचा, या उत्साहात मोठा वाटा आहे. या उत्साहाचे मनःपूर्वक स्वागत केल्यावरही एक प्रश्न उरतोच : या शेकडो वह्यांतून आपल्या वारशाचे ज्ञान किती साठते?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आपल्याच परंपरेने दिला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या सर चार्ल्स मॅलेटच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे, ऊर्फ गंगाराम तांबट, हा पुणेकर चित्रकार होता. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली, शनिवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली तिच्याशी त्याचा निकटचा संबंध होता. कार्ले आणि वेरूळ येथील लेणी, पर्वतीची टेकडी, इतकेच काय पण पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याने प्रत्यक्ष पाहून काढला. पाश्चात्त्य यथादर्शन त्याच्या हाताला नवे होते, देशी आलेखनाची वळणे अंगात मुरलेली होती, आणि या दोहोंच्या ओढाताणीत जो कागद सिद्ध झाला त्यात, माझ्या मते, आजच्या कित्येक सफाईदार रेखाटनांत नसलेली एक गोष्ट आहे. ती म्हणजे समोरची वस्तू समजून घेण्याची निकड. वेल्स १७९५ साली साष्टीतील लेण्यांचे काम चालू असतानाच मरण पावला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली चित्रसंपुट प्रसिद्ध केला. ज्या वाड्यात ती शाळा भरली तो १८२८ च्या आगीत जळाला. आणि गंगारामाची चित्रे, मॅलेटच्या संग्रहातून फिरत फिरत, आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत.

पुढे हे काम सरकारी हुकुमाने चालले. मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी टेरी यांच्या हाताखाली १८६८ साली अंबरनाथला गेले आणि शके ९८२ चा लेख असलेल्या तेथील शिवमंदिराची रेखाटने व साचे त्यांनी घेतले. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनी अशाच विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांच्याही आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, आणि ग्रिफिथ्स यांच्याही पुष्कळशा लंडनमध्येच १८८५ साली जळाल्या. या साऱ्या खटाटोपामागे साम्राज्याच्या दफ्तराची गरज होती, आणि राबणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे अहवालांत क्वचितच आढळतात, ही खंत करण्याजोगी गोष्ट खरीच. तथापि एकाच शिल्पासमोर किंवा एकाच भिंतीसमोर महिनोन्महिने बसण्याची जी शिस्त त्या हातांना लागली, तिची बरोबरी करणारे शिक्षण त्यानंतर आपल्याकडे फारसे झाले नाही.

निसर्गचित्रणाच्या काळात दृष्टी पालटली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसरात जे जलरंग हाताळले त्यांत पाणी, झाडी आणि हवा यांना जे स्थान मिळाले ते पुढे सबंध महाराष्ट्राच्या जलरंगाला मिळाले. यातून उत्तम चित्रे निर्माण झाली. मात्र वाडा, घाट आणि देऊळ ही हळूहळू ऊन पडण्याची ठिकाणे झाली.

याचा परिणाम पाहावयाचा तर वाड्याच्या चौकातील एकच खांब घ्यावा. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा सागवानी खांब, माथ्याशी दोन्ही अंगांना पसरलेले हस्त, त्यांच्याखाली लोंबणारी केळफुले, वर तुळई आणि तुळईवर कडीपाट, अशी ती रचना असते. लाकडाचे बूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहावे म्हणून तळखडा, आणि तुळईचा आधाराविना राहणारा पल्ला कमी व्हावा म्हणून हस्त. केळफुलाची नक्षी सुताराने या व्यवस्थेच्या आश्रयाने केलेली. ज्याला हे उमगले त्याची रेघ दगड आणि लाकूड यांच्या सांध्यापाशी क्षणभर थांबते, आणि भार कोठून कोठे उतरतो हे न सांगता दिसते. आजच्या बहुसंख्य वह्यांत मात्र हा खांब जमिनीपासून छतापर्यंत एका फटकाऱ्यात जातो, केळफुलाच्या जागी चार वेलांट्या येतात, आणि त्यावर पिवळ्या रंगाचा सुंदर ओघळ सोडलेला असतो. रंग सुंदर असतो हे मी मुद्दाम नमूद करतो. कौशल्याची वाण नाही, जिज्ञासेची आहे.

किल्ल्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केल्यापासून किल्ल्यांचे चित्रण वाढेल हे उघड आहे. पण पावसाळी ढगांत बुडालेला कडा आणि बुरुजावरचा भगवा यांपलीकडे रेघ जाणार की नाही? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड अशा खुबीने दडविला आहे की वळणावर पोहोचेपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी एका जागेवरून उलगडत नाही. छायाचित्राला एका वेळी एकच जागा मिळते. रेखाटणारा चालतो, वळतो, परत येतो, आणि दोन-तीन ठिकाणांहून पाहिलेले एका कागदावर क्रमाने मांडू शकतो. हे सामर्थ्य केवळ रेखाटनाचे आहे, आणि तेच आपण वापरीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोष केवळ हौशी मंडळींचा नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना लक्षावधी मुले आजवर बसली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांत त्यांचा हात तयार झाला. पण घनभूमितीतील शंकू आणि लोलक यांचे दर्शन काढणाऱ्या मुलाला, तीच विद्या वापरून आपल्या गावच्या देवळाचा मंडप काढ, असे क्वचितच कोणी सांगते. ड्रॉइंगच्या शिक्षकांना शाळेच्या वेळेत वर्ग बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली, तर एका पिढीत फरक दिसेल.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. गंगारामाच्या कागदांना निदान मॅलेटचे दफ्तर लाभले. आजच्या वह्या घरोघरच्या कपाटांत राहतात. प्रत्येक रेखाटनावर तारीख, स्थळ, बसण्याची जागा आणि तेथील सुतार-गवंड्यांकडून ऐकलेले शब्द लिहावेत, आणि वर्षाअखेरीस त्यांच्या प्रती गावच्या नगरवाचनालयात द्याव्यात. पुण्यात आणि नाशकात जुने वाडे पाडून इमारती उठण्याचे काम थांबलेले नाही, आणि पाडकामाआधी त्या वाड्यांची मोजणी कोणी करीलच असा आज तरी भरवसा नाही.