होमॉलॉजीचा पल्ला आणि असमानतांचे काम

एका बानाख अवकाशात एक बंद उपअवकाश घ्या. मूळ अवकाशाला त्याने भागले की भागाकार-अवकाश मिळतो. हे दोन तुकडेच हाती असतील, तर मूळ अवकाश एकाच रीतीने उभा राहतो की अनेक? परिमाण सांत असेल तर रीत एकच. अनंत परिमाणात मात्र हा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षे विश्लेषकांच्या डोक्यात घर करून आहे. शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांचा अवकाश ‘सी-नॉट’ हा सर्व सीमित क्रमिकांच्या अवकाशातून पूरक तुकड्यासह सुटा करता येत नाही, हे फिलिप्सने १९४० मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी सोबचिकने सिद्ध केले, की भोवतालचा अवकाश सेपरेबल असेल तर तो नेहमीच सुटा होतो.

अशा प्रश्नांची पद्धतशीर नोंद ठेवते ती होमॉलॉजी. दोन तुकडे जोडण्याच्या जितक्या खऱ्या अर्थाने वेगळ्या रीती, तितका ‘एक्स्ट’ मोठा. ‘एक्स्ट’ शून्य असेल तर साध्या बेरजेखेरीज रीत नाही. पण बीजगणितातले हे यंत्र जसेच्या तसे उचलता येत नाही. बानाख अवकाशांची कॅटेगरी अबेलियन नाही: एखादे चित्रण एकास-एक असते, त्याची प्रतिमा दाटही असते, तरी त्याला सतत व्यस्त चित्रण नसते. ही अडचण समोर ठेवून पालामोदोव्हने १९७१ च्या आपल्या विस्तृत लेखात स्थानिक बहिर्वक्र अवकाशांसाठी होमॉलॉजीची चौकट उभी केली आणि शेवटी खुल्या प्रश्नांची यादीही दिली. त्या यादीने पुढच्या पन्नास वर्षांचे काम ठरवले.

या चौकटीचा कस लागतो तो सीमांवर. फ्रेशे अवकाश म्हणजे बानाख अवकाशांच्या शृंखलेची प्रक्षेपी सीमा. शृंखलेच्या प्रत्येक पायरीवर समीकरण सुटते, तरी सीमेवर ते सुटेलच असे नाही. मधला अडथळा मोजणारा साधित फंक्टर म्हणजे ‘प्रोज-वन’. आंशिक अवकल समीकरणांत हा अडथळा खरोखर आडवा येतो. स्थिर सहगुणकांचे कोणतेही समीकरण प्रतलावरील वास्तव-विश्लेषणीय फलनांत सुटते, असे दे जॉर्जी आणि कात्ताब्रिगा यांनी दाखवले. त्रिमितीत उष्णतेचे समीकरणच अडते, हे पिच्चिनीनीने सिद्ध केले. बहिर्वक्र क्षेत्रांसाठी अचूक निकष १९७३ मध्ये हॉर्मांडरने दिला. ब्राउन, माइसे आणि फोग्ट यांनी पुढे ‘प्रोज-वन’चे तंत्र जेव्हरे वर्गांतील अशाच प्रश्नांना लावले.

या सगळ्या यशाचा गाभा बारकाईने पाहायला हवा. न्यूक्लिअर फ्रेशे अवकाशांचा विस्तार, म्हणजे दोन तुकड्यांची जोडणी, कधी साध्या बेरजेत विरघळतो, याचे उत्तर फोग्ट आणि वाग्नर यांनी १९८० मध्ये दिले. भागाकार-अवकाशाला ‘डी-एन’ आणि उपअवकाशाला ‘ओमेगा’ हा गुणधर्म असला की पुरते. हे दोन्ही गुणधर्म म्हणजे नॉर्ममधल्या असमानता आहेत. अडथळा कुठे बसला आहे ते होमॉलॉजीने सांगितले. तो शून्य आहे हे असमानतेने सिद्ध केले.

अडथळा शून्य नसतो तेव्हाही हाच अनुभव येतो. हिल्बर्ट अवकाश हिल्बर्ट अवकाशाला जोडून हिल्बर्ट नसलेला अवकाश मिळतो, हे एनफ्लो, लिंडेनस्ट्राउस आणि पिझिए यांनी १९७५ मध्ये दाखवले. काल्टन आणि पेक यांनी १९७९ मध्ये त्याचे देखणे, मोजता येणारे उदाहरण दिले. दुसऱ्या पायरीचा ‘एक्स्ट’ही हिल्बर्ट अवकाशासाठी शून्य नाही, हे सिद्ध व्हायला मात्र २०२१ उजाडावे लागले. पायरी वाढली की यंत्र स्वतःहून पुढे नेत नाही. प्रत्येक पायरीला नवे, हातात धरता येणारे बांधकाम लागते.

काही ठिकाणी असमानताही अपुऱ्या पडतात. कॉम्पॅक्ट अवकाश मेट्रिक असेल, तर त्यावरील सतत फलनांच्या अवकाशाला सी-नॉटने दिलेला प्रत्येक विस्तार क्षुल्लक, म्हणजे साधी बेरीजच, असतो. हा सोबचिकचाच परिणाम. मेट्रिक नसेल तर क्षुल्लक नसलेला विस्तार नेहमी सापडतो का, असे काबेयो, कास्तियो, काल्टन आणि योस्ट यांनी २००३ मध्ये विचारले. कंटिन्यूअम हायपॉथिसिस मानली तर उत्तर होकारार्थी, हे आविलेस, मार्चिशेव्स्की आणि प्लेबानेक यांनी दाखवले. मार्टिनचे गृहीतक घेऊन ती हायपॉथिसिस नाकारली तर उत्तर नकारार्थी. म्हणजे संचसिद्धान्ताच्या नेहमीच्या गृहीतकांवरून हा प्रश्न सुटतच नाही. या विषयाची ही खरी वेस आहे आणि ती नेमकी आखली गेली, हे गेल्या दशकाचे मोठे यश.

अलीकडचा मोठा प्रयत्न क्लाउसेन आणि शोल्झे यांचा. अवकाशांच्या जागी ‘कंडेन्स्ड’ अबेलियन गट घेतले की अबेलियन कॅटेगरी मिळते आणि पालामोदोव्हची मूळ अडचण उरत नाही. पण काल्टन, रिबे आणि रॉबर्ट्स यांनी सत्तरच्या दशकाअखेर शोधलेला विस्तार तिथेही आडवा आला: स्थानिक बहिर्वक्र तुकडे जोडून स्थानिक बहिर्वक्र नसलेला अवकाश होतो. त्यामुळे त्यांना ‘लिक्विड’ अवकाशांकडे वळावे लागले. त्यांच्या मुख्य प्रमेयाची पडताळणी ‘लीन’ या संगणक-प्रणालीत २०२२ मध्ये पुरी झाली आणि तिचा गाभाही नॉर्मच्या काटेकोर अंदाजांचाच होता.

म्हणून या विषयाबद्दलचा माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. होमॉलॉजीने फंक्शनल ॲनालिसिसला उत्तरे दिली नाहीत, अचूक प्रश्न दिले, आणि ते देणे थोर आहे. फ्रेशे अवकाशांचे अभ्यासक, बानाख अवकाशांचे अभ्यासक आणि कंडेन्स्ड गणिताची नवी पिढी एकाच अडथळ्याशी तीन भाषांत झुंजत आहेत. जो विद्यार्थी फंक्टर आणि असमानता दोन्ही सारख्याच सहजतेने हाताळायला शिकेल, त्याच्यासाठी इथे भरपूर काम शिल्लक आहे.