‘सीन सेफ’ म्हटल्याने काय होतं? : पॅरामेडिकल परीक्षांबद्दल काही आक्षेप

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने पॅरामेडिकल विद्यार्थ्यांच्या परीक्षेवर बोलावं, याचं काहींना नवल वाटत असेल. पण एखाद्याला एखादी गोष्ट ‘येते’ म्हणजे नेमकं काय, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. परीक्षा म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं अधिकृत उत्तर. ते उत्तर मला अपुरं वाटतं.

आपली मराठी इथे फार कामाची आहे. ‘मला पोहणं माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ यातला फरक गावातलं पोरही जाणतं. हाच फरक गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्चून मांडला. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने त्याच्या चार पायऱ्या केल्या : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष करतो. आज नर्सिंगपासून रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञापर्यंत सगळ्यांच्या प्रशिक्षणात हा त्रिकोण दाखवतात. माझा आक्षेप तिसऱ्या पायरीवर आहे. ‘करून दाखवणं’ म्हणता म्हणता आपण ‘करतोय असं बोलून दाखवणं’ इथे येऊन पोचलो.

याआधी काय होतं तेही सांगायला हवं. एक रुग्ण, एक परीक्षक, आणि त्या दिवशी साहेबांचा मूड. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ मांडली : ओळीने टेबलं, प्रत्येकावर ठरावीक मिनिटं, सगळ्यांना तेच काम, परीक्षकाच्या हातात छापील यादी. कृती झाली की टिक. हे न्यायाचं पाऊल होतं, आणि ते मागे घ्यावं असं मी म्हणत नाही.

पण त्या यादीचं पुढे काय होतं बघा. एका संस्थेत, नाव घेत नाही, मी अशी परीक्षा बघायला बसलो होतो. मुलगा आत आला, परीक्षकांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “सीन सेफ, ग्लोव्हज घातले.” हात उघडे होते. पुतळ्याशेजारी जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्डची वायर पडली होती, ती ओलांडून तो गुडघ्यावर बसला. दोन्ही ठिकाणी टिक मिळाली. मुलाला मी दोष देत नाही. शब्द उच्चारला की गुण मिळतो, हे त्याला तिथेच शिकवलेलं होतं.

आता हे दिघ्यात आणा. खाली ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी, वर डोंगराला चिकटलेली वस्ती. पावसाळ्यात कोणी शॉक लागून पडलंय. तिथे वायर न बघता ‘सीन सेफ’ म्हणणारा मुलगा हा दुसरा रुग्ण होऊ शकतो.

पुतळ्यावर माझा राग नाही. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर दाबायची, हे पुतळ्याइतकं चोख कोणी मोजणार नाही. तो १९६० मध्ये नॉर्वेच्या ओस्मुंड लेर्दाल या खेळणीवाल्याने बनवला, पण कल्पना आपल्याकडेही जुनीच. सुश्रुतसंहितेत ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. त्यात छेद घ्यायचा सराव भोपळ्या-काकडीवर, शिर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर, आणि पट्टी बांधण्याचा चक्क माणसाच्या प्रतिकृतीवर करायला सांगितलाय.

पुतळा काय शिकवू शकत नाही? हृदय थांबल्यावर काही माणसं थोडा वेळ आचके देतात. नातेवाईक म्हणतात, “श्वास चालू आहे.” तो श्वास नाही, हे ओळखून हात छातीवर ठेवायचा असतो. तो निर्णय हात चालवण्याच्या आधीचा आहे. मायकेल पोलान्यी स्वतः डॉक्टरकी शिकलेले. १९५८ च्या पुस्तकात ते अशा विद्यार्थ्याबद्दल लिहितात, ज्याला एक्स-रेवर सुरुवातीला काहीच दिसत नाही. जाणकारांच्या शेजारी आठवडे काढल्यावर हळूहळू दिसू लागतं. बघणं असं शेजारी बसून येतं.

म्हणून २०२१ चा सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा वाचताना मी तासांपाशी अडखळतो. पदविका-पदवीसाठी किमान २००० तास, वरच्या वर्गासाठी किमान ३६००. देशभर एक किमान मोजमाप आलं, हे चांगलंच झालं. पण अनुभवी माणसाच्या शेजारचा तास आणि पंख्याखाली स्लाइड बघत काढलेला तास, या बेरजेत सारखेच भरतात.

आपल्या राज्यात हा प्रश्न टाळायला एक सोय मिळाली. २०१४ मध्ये १०८ सुरू झाली, ९३७ गाड्या, आणि गाडीत डॉक्टर. लोकांच्या दृष्टीने उत्तमच. पण डॉक्टर आहे म्हटल्यावर तंत्रज्ञाला काय यायला हवं, हे विचारायची घाई कोणाला राहिली नाही.

आणि गाडी तर खाली रस्त्यावर उभी. पायऱ्यांवरून रुग्णाला उतरवतात शेजारचे चार जण, चादरीत किंवा खुर्चीत. त्या चौघांना “डोकं वरच्या बाजूला, तुम्ही दोघं इकडून धरा” असं सांगता येणं, हे मी तरी कुठल्या यादीत पाहिलेलं नाही. भाषेचंही तेच. विद्यार्थी ‘सॅम्पल’ची सहा इंग्रजी अक्षरं धडाधड म्हणतो. समोरची बाई म्हणते, “जीव घाबरतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.” आता पुढचा प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचार म्हटलं, तर गाडी अडते.

मग करायचं काय? बोललेल्या कृतीला गुण देणं आधी बंद करा. ग्लोव्हज घातले तर घातले. एका टेबलावर यादीत नसलेली एक अडचण मुद्दाम ठेवा, ती वायरच ठेवा. एक परीक्षा खऱ्या जिन्यावर घ्या. सीपीआरचं कौशल्य काही महिन्यांत ओसरू लागतं, हे माहीत असूनही प्रमाणपत्र बहुधा दोन वर्षं चालतं. तेव्हा सहा महिन्यांनी न सांगता पुन्हा बघा.

यावर मला ठरलेला प्रश्न विचारला जातो : सर, यात परीक्षकाचं मत शिरणार, मग न्यायाचं काय? मत शिरणारच. दोन परीक्षक बसवा, दोघांनी वेगवेगळं लिहावं, आणि जिथे जमणार नाही तिथे का जमलं नाही ते विद्यार्थ्यासमोर बोलावं. यादीतही कोणाचं तरी मत असतंच, फक्त ते छापील असल्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. या पद्धतीला वेळ आणि माणसं जास्त लागतील, आणि संस्था पहिला नकार याच कारणाने देतील. एका बॅचमध्ये किती मुलं घ्यायची, हे मग परीक्षक किती मिळतात त्यावर ठरवावं लागेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.