संत झेवियर आणि राजाश्रय

फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्रांमध्ये सगळं येतं. १५४२ मध्ये गोव्यात उतरले, घंटा वाजवत मुलांना जमवलं, रुग्णांची सेवा केली, १५५२ मध्ये चीनच्या उंबरठ्यावर शांगचुआन बेटावर देह ठेवला. खोटं काही नाही. पण त्यांची पत्रं वाचा ना! १५४६ मध्ये ते पोर्तुगालच्या राजाला, तिसऱ्या जॉनला लिहितात की गोव्यात इन्क्विझिशन हवं. १५४८ मध्ये लिहितात, धर्मप्रसाराची जबाबदारी गव्हर्नरवर टाका, कुचराई केली तर शिक्षा करा.

भक्त म्हणतात, इन्क्विझिशन आलं १५६० मध्ये, ते जाऊन आठ वर्षं झाल्यावर. बरोबर आहे. विरोधक त्यांनाच संस्थापक ठरवतात, तेही सोयीचंच. माझा प्रश्न वेगळा आहे. श्रद्धा आतून यावी लागते, मग ती गव्हर्नरच्या कामात कशी बसते? झेवियर यांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांची लूट खटकत होती, तशा तक्रारी पत्रांत आहेत. पण जहाज राजाचं, खर्च राजाचा, म्हणून इलाजही त्यांना राजाकडेच दिसला.

आणि गंमत बघा, १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी मिशनकार्याच्या आश्रयदात्या संत म्हणून झेवियर यांच्या जोडीला कोणाला बसवलं? लिझ्यूच्या तेरेसा यांना. (कोलकात्याच्या मदर तेरेसा नव्हेत.) त्या एकाही मिशनवर गेल्या नाहीत. मठातून मिशनरींसाठी प्रार्थना केली, दोघा मिशनरींना पत्रं लिहिली. त्यांच्यामागे ना जहाज होतं, ना गव्हर्नर. या जोडीबद्दल आपली चरित्रं फारसं बोलत नाहीत.