चेहरा नसलेली बाई : ‘टॉम अँड जेरी’तील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

मांजर-उंदरांच्या धांदलीत वर्णभेदाचा शोध घेणे म्हणजे पोरखेळाला शास्त्रार्थ लावणे होय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु ज्या कलाप्रकारात चित्रकाराने रेखाटल्यावाचून पडद्यावर काहीच अवतरत नाही, तेथे काय रेखाटले व काय वगळले ह्याची विचारणा अप्रस्तुत ठरू नये. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा ह्यांनी १९४० साली आरंभिलेल्या, सात ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या ‘टॉम अँड जेरी’ ह्या मालिकेपुरता हा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

१९५२ पर्यंत ह्या मालिकेत एक कृष्णवर्णीय स्त्री वारंवार येते. तिला आवाज लिलियन रॅन्डॉल्फ ह्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आहे. प्रेक्षकांना मात्र बहुधा तिचे पाय, घसरलेले मोजे व हातातील झाडू एवढेच दिसते. उंदराच्या उंचीवरून जग दाखवावयाचे म्हणून चौकट खाली राहिली, हे समर्थन तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नाही. परंतु तिची बोली व स्थूल देह अमेरिकेतील ‘मॅमी’ ह्या रूढ दासीप्रतिमेतून उचललेले आहेत, आणि त्यांचा कॅमेऱ्याच्या उंचीशी काही संबंध नाही.

ह्याहून बोलका पुरावा स्फोटांच्या विनोदांत सापडतो. ह्या सृष्टीत इजा टिकत नाही. चिरडलेला टॉम पुढल्याच क्षणी धावू लागतो. दारूगोळा उडाल्यावर एखाद्या पात्राचे तोंड काजळून त्यावर निग्रोंच्या विडंबनाचे जाड ओठ उमटतात, तेही क्षणभरच. म्हणजे कृष्णवर्ण येथे जखमेच्या पंक्तीला बसविला आहे. प्राणी त्यातून मुक्त होतात. त्या बाईला मात्र ती मुभा नाही.

ह्यावर पुढे जो उपाय योजला गेला, तोही तपासण्याजोगा आहे. १९६० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही चित्रपट पुन्हा रेखाटण्यात आले. बाईच्या जागी गोरी स्त्री आली व रॅन्डॉल्फ ह्यांच्या आवाजाच्या जागी जून फोरे ह्यांचा आयरिश धाटणीचा आवाज आला. अपमानकारक प्रतिमा गेली खरी, पण तिच्याबरोबर एका कृष्णवर्णीय कलावतीचे कामही पुसले गेले. १९५० च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पुस’मध्ये ही बाई नटूनथटून पत्ते खेळावयास जाते आणि घराकडे धावत परतताना क्षणमात्र तिचा चेहरा दिसतो. दासीच्या साच्याबाहेर तिचे स्वतःचे आयुष्य असल्याची ती दुर्मिळ खूण होय. बदललेल्या प्रतीत तिच्या जागी एक सडपातळ गोरी तरुणी आहे.

तेव्हा मूळ प्रत, तिच्या दोषांच्या स्पष्ट निवेदनासह, जतन करणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग ठरतो. लहान मुलांपुढे ती कोणत्या वयात ठेवावी हा प्रश्न वेगळा व महत्त्वाचा आहे. पण अभ्यासकाला तो टाळण्याची सबब म्हणून वापरता येणार नाही. दोष झाकल्याने प्रतिनिधित्व साधत नाही. चेहरा नसलेल्या बाईला त्यामुळे आवाजही उरत नाही.